पुदिन्याला मात्र वास आहे

रविवार, ३ नोव्हेंबर
आले एकदाची! आधी विमान, मग जीप, मग बंद पडलेल्या जीपला धक्का. समुद्रकाठच्या अनाबाहून निघताना आई म्हणाली होती की सहारात तुझी भाजून रोटी होईल. तिला कळवायला हवं, इथे स्वेटर घालून बसलेय.

दोन खोल्या, पाण्याची टाकी आणि टाकीला लागून असलेल्या खोलीत बारा पिंपं, एवढीच माझी प्रयोगशाळा. पिंपांत आधीच्या डॉक्टरांनी वर्षभर वाढवलेले जीवाणू आहेत. समोर तेलाच्या चिखलाचा खड्डा, त्यापलीकडे ताझात गावाची विहीर. माझ्या जीवाणूंनी चिखल खायचा आणि विहीर वाचवायची.

सोबतीला पहारेकरी अखामूख काका, सहारातल्या तुआरेग जमातीचे म्हातारे. तोंडावरचा फेटा चहा पितानाही काढत नाहीत, ग्लास खालून आत सरकवतात. त्यांचं कपाळ आणि बोटं निळसर आहेत. या लोकांच्या फेट्याची नीळ अंगाला लागते, आणि त्यांना तो दागिनाच वाटतो.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
आज जीवाणूंची परीक्षा घेतली. डांबर, नॅफ्थलीन असल्या पदार्थांत सहा कार्बनचं एक कडं असतं, लोखंडासारखं चिवट. जीवाणूंचं डायऑक्सिजनेज नावाचं विकर त्या कड्यावर प्राणवायूचे दोन अणू बसवतं, आणि मग कडं फुटतं. शास्त्रात या कडं असलेल्या पदार्थांना 'सुगंधी' म्हणतात. डांबराला सुगंधी म्हणणाऱ्याचं नाक कसलं होतं, अल्ला जाणे.

इंडोल नावाचं रसायन घातलं की कडं तोडणारे जीवाणू निळे पडतात. कच्चे असतील तर पांढरे राहतात. माझी बशी तासाभरात गच्च निळी झाली. इतक्या लवकर कधी होत नाही. मी तर नाचलेच.

शनिवार, ९ नोव्हेंबर
प्रकल्पाचे साहेब, सी लखदर, यांचा फोन आला. रविवारी सतराला ट्रक येणार, पिंपं खड्ड्यात रिकामी होणार, पाहुणे टाळ्या वाजवणार. त्यांचा आवाज ऐकला की माझे पाय अजून लटपटतात. होय सर, होय सर म्हणत राहिले.

आईने दिलेली लवंगांची माळ बाहेर काढली, पण तिला वासच नाही. सर्दी झाली असावी.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
सर्दी नाही. दालचिनी हुंगली, वास नाही. गुलाबपाण्याची बाटली उघडली, नुसतं पाणी. काकांच्या चहातला पुदिना मात्र घमघमतो आहे.

दुपारभर विचार केला आणि मग हातातला ग्लास खाली ठेवला. लवंग, दालचिनी, गुलाब, तिन्हींच्या वासात तेच सहाचं 'सुगंधी' कडं आहे. पुदिन्यात नाही.

टाकीच्या पाण्यात इंडोलचे चार थेंब टाकले. पाणी निळं झालं. जीवाणू टाकीत आहेत, म्हणजे माझ्या नाकातही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर
माझी नखं निळी पडली आहेत. काकांना म्हटलं, तुमच्या फेट्याचा रंग मलाही लागला की काय. त्यांनी वाकून माझी नखं पाहिली. मग म्हणाले, "पोरी, हा चिनी कापडाचा फेटा. धुतला तरी रंग सोडत नाही. मला वाटलं, माझं हे निळं तुम्हा डॉक्टरांच्या औषधाचं. शिकलेल्या बाईला कसं विचारायचं, म्हणून गप्प बसलो."

मीही भिडेपोटीच विचारलं नव्हतं. वर्षभर ते या टाकीचं पाणी पीत आहेत, आणि इंडोल तर माणसाच्या आतड्यातच तयार होतं.

मग त्यांनी फेटा खाली ओढला. परक्या बाईसमोर त्यांनी आयुष्यात असं केलं नसेल. जीभ निळी. हिरड्या निळ्या —

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
साहेबांना सगळं सांगितलं. पिंपं खड्ड्यात गेली की जीवाणू ताझातच्या विहिरीत उतरतील. साठ घरं आहेत. ते हसले. "डॉक्टरीणबाई, वास येत नसेल तर नाक तपासा. माझी पिंपं तपासू नका."

मी नाही म्हटलं. आवाज कापत होता, पण म्हटलं.

शनिवार, १६ नोव्हेंबर
काका तळहातावर विंचू घेऊन बसले होते. सहारात जन्म काढलेला माणूस! मी काठीने उडवला. भीतीच वाटत नाही, म्हणाले, आणि रडले.

समजलं. भीती वाटली की रक्तात जो रस उतरतो, त्यातही तेच कडं —

म्हणजे जीवाणू आता तोही खातात.

ब्लीचचे सगळे कॅन आत आणून ठेवले.

रविवार, १७ नोव्हेंबर
ट्रक आला. काका फाटकात आडवे झोपलेत. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, ते हलत नाहीत.

आतून दार लावून सात पिंपांत ब्लीच ओतलं. हात सोलवटले —

सी लखदर दारापाशी. नोकरी घालवीन, पोलीस आणीन, तुरुंगात सडवीन, सगळं बोलून झालं. परवापर्यंत या आवाजाने माझे पाय लटपटायचे. आज ऐकतेय आणि आत काहीच हलत नाही.

चुकलात रे, किड्यांनो. माझी भीती खाल्लीत. तिनेच तर मला आजवर 'होय सर' म्हणायला लावलं होतं —

दहा.

मी बाहेर येणार नाही. हे अंग ताझातला जाणार नाही. ज्याला ही वही मिळेल त्याने मला हात लावू नये, आधी ब्लीच ओतावं —

अकरा. दाराचं बिजागर सुटलं. येऊ देत. बाराव्याचं झाकण उघ