झोळीचा चौथा खांदा

२८ डिसें., सापगाव
गुरुजींच्या ओटीवर बसून लिहितोय. रिटायर माणूस, अक्षर चांगलं, म्हणून झोळी मंडळाची वही त्यांच्याकडे. आज शहापूरकडचा अजून एक पाडा झाला. चार नावं. आजारी माणूस झोळीत, बांबूला दोघं, बदलीला दोघं, गाडीरस्त्यापर्यंत. बस, एवढंच मंडळ.
गुरुजी म्हणाले, "सुरू तू केलंस, आणि तुझंच नाव कुठल्या गावाखाली नाही."
नियम माझाच. रोज गावात झोपतो त्याचंच नाव. मी काल शाळेच्या पडवीत झोपलेलो. परवा कुठं ते आठवत नाय.

३० डिसें.
गुरुजींना मंडळाची सुरुवात लिहून पायजे. सुरुवात काय. सिद्धगड बघायला चाललेलो, वाटेत झोळी भेटली, आत तापाने फणफणलेली बाय. नेणाऱ्यातला एक म्हणाला, "रिकामा दिसतोस. धर." धरलं. गड राहिला तो राहिलाच. मग जिथं जाईन तिथं हेच सांगत सुटलो. आधी मुरबाडचे दोन पाडे, मग शहापूरकडं. पहिलं नाव 'चार खांदे' होतं. एक म्हातारी म्हणाली, "जित्या माणसाला तिरडीवर घालतोस काय रे?" बदललं.

५ जाने.
आमच्याच पाड्यावर तीन नावं. दादा, शेजारचा काळू, त्याचा भाऊ. बाकी कामाला बाहेर. दादा फोनवर, "गावोगाव चार-चार माणसं उभी करतोस, आमाला एक दे."
बघतो म्हटलं. आय आता जपून चालते म्हणे. उद्या निघतो.

९ जाने.
घरी पोचलो नाय. वाटेत एक जण मध काढायला चाललेला, त्याच्यामागं रानात गेलो. तीन दिवस. फोनला रेंज नाय.

१५ जाने., म्हसा
जत्रा. झोळीसाठी घोंगडी घ्यायला आलो आणि दुपारपर्यंत बैलच बघत बसलो. घोंगडीवाल्याकडे वहिनी.
"आय पडल्या, भावजी. गेल्या आठवड्यात. पाय मोडला."
"फोन तरी करायचा."
"केला. लागला नाय."
"नेलं कोणी?"
"तिघं होते ना. चौथी मी." खांद्यावर हात ठेवला तिने. "जड नायत ओ आय. चढणीला जरा लागलं."
मग घोंगडीवाल्याशी भाव करायला लागली. आय पडली तेव्हा मी रानात, मधाच्या पोळ्याखाली तोंड वर करून उभा.

१६ जाने., घर
आयच्या पायाला प्लास्टर. "आलास? जेवलास काय?" एवढंच.
ओटीच्या मेढीला, खांबाला, कागद लावलाय. तीन नावं, खाली वहिनीचं, तिच्या हाताने लिहिलेलं.
"नियमात बसतं ना, भावजी? मी रोज हितंच झोपते."
बसतं म्हटलं. काय म्हणणार. पाड्याचं मंडळ पुरं झालं. गुरुजींना कळवलं, ते खूश. सगळे खूश. मी ओटीवर पाहुण्यासारखा. चहा कपबशीतून मिळाला.

१९ जाने.
सकाळी गुरुजींचा फोन. डोळखांबकडे एक पाडा वाट बघतोय, कधी जातोस? पिशवी खुंटीवरून काढली. अंगणात दादा झोळीचा नवा बांबू तासत बसलेला. मान वर केली नाय.
"टोक धर."
धरलं. पेरं तासून झाली, कोयता त्याने बाजूला ठेवला. सोड म्हणाला नाय.