दाजींच्या गोठ्यातली वीज

उत्रोली, ता. भोर
रविवार

तीर्थस्वरूप सोमनाथ दाजी यांस,

मानसिंगाचा नमस्कार. हा नमस्कार आपण वयानं मोठे आहात म्हणून केला आहे, आपण बरोबर आहात म्हणून नव्हे, एवढं घेताना ध्यानात ठेवावं. आपला डावा गुडघा कसा आहे? हरणी म्हैस आता दोन्ही वेळा दूध देते का? चंद्राबाई मावशींची तब्येत विचारत नाही, कारण ऐंशी ओलांडल्या तरी आपल्या मातोश्रींचे कान आणि जीभ दोन्ही शाबूत आहेत याचा अनुभव मी परवाच्या गुरुवारी घेतला. सुलक्षणाताईला नमस्कार, नूतनला आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल आहेत. मी खुशाल नाही. मी गुरुवारपासून संतापलेलो आहे आणि आमच्या घरच्यांनी शेवटी माझ्यापुढे वही-पेन आणून ठेवलं, की आमच्यावर ओरडण्यापेक्षा ज्याचं त्याला लिहा.

आपण म्हणाल, हा तर बोलणार नव्हता. बरोबर आहे. भाऊबीजेला आपल्या ओट्यावर उभं राहून मी दोन गोष्टी जाहीर केल्या होत्या : एक, आपल्याशी बोलणार नाही आणि दोन, या घरचं पाणी पिणार नाही. लिहिणार नाही असं कुठेही म्हणालो नव्हतो. मुबारक मंगळवारी भांडी घेऊन वेल्ह्याकडे जातो, त्याच्या हाती हे पत्र देत आहे. त्याच्यासमोर फोडू नये. माणूस चांगला आहे, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

मुळात भांडण कुणी काढलं ते एकदा कागदावर येऊ दे. ताईनं मला ओवाळायला तबक हातात घेतलं होतं. मी सहज म्हणालो, की नवीन पिकअप घेतोय, कंपनी एकच गाडी दोन तऱ्हेची देते, एक डिझेलवर आणि एक बॅटरीवर. एवढंच. कुठली घेतोय हे मी सांगितलंच नव्हतं. पण आपल्याला धीर आहे कुठे? अकरा माणसांदेखत (मी मोजली होती, दोन तर आपली व्याही होणारी मंडळी होती) आपण म्हणालात, "ह्यो बॅटरीचीच घेनार. ह्याला नवं दिसलं की ह्याचं डोस्कं फिरतं. आन् वेल्ह्याच्या म्होरं चढाला बसली म्हंजी ढकलाया मलाच बोलावनार." सगळे हसले. ताईसुद्धा हसली, तबकातलं निरांजन हललं तेवढी हसली. तेव्हा मी काय ते जाहीर केलं आणि उठलो. पुढच्या आठवड्यात बॅटरीची पिकअप दारात आणून उभी केली. हार घातला, नारळ फोडला आणि पेढे सगळ्या गावाला वाटले. आपल्याला पाठवले नाहीत.

आता गुरुवारचं. केळदला पुण्याचे एक डॉक्टर फार्महाऊस बांधतायत, त्यांची शहाबादी फरशी भोरहून पोचवायची होती. फरशी म्हणजे पिसं नव्हेत. आदल्या दिवशी आमच्याकडे लाईट दिवसभर ये-जा करत होती, त्यामुळे बॅटरी अर्धीच भरली होती. शहाणा माणूस थांबला असता. पण गाडीच्या काचेखाली एक आकडा दिसतो, अजून इतके किलोमीटर जाल, आणि त्या आकड्यावर मी आपल्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला. (तो आकडा कंपनीनं कसा काढला असेल ते आता कळलं. गाडी रिकामी, रस्ता उताराचा आणि वारा पाठीमागून.) चेलाडीला हमरस्त्यावर एका हॉटेलाच्या आवारात चार्जिंगचं मशीन आहे. त्याच्यावर 'आपल्या सेवेसाठी सदैव सज्ज' असं लिहिलेलं आहे आणि त्याच्यावर हॉटेलवाल्यानं टॉवेल वाळत घातले होते. मी विचारलं, तर म्हणाला, "साहेब, ते उद्घाटनापास्नं बंद हाय." मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही, कारण पत्र ताईही वाचेल.

मार्गासनीपर्यंत ठीक होतं. वेल्हं मागे टाकून चढ लागला आणि तो आकडा असा खाली यायला लागला, की वाटावं, गाडी चढतेय कमी आणि आकडाच उतरतोय जास्त. एसी बंद केला. गाणी बंद केली. हॉर्नसुद्धा वाजवला नाही, एका बैलगाडीमागे निमूट चाललो. चैत्रातलं ऊन, अंगाला घामाच्या धारा आणि मनात एकच, की दाजींच्या दारावरून एकदा पुढे गेलो की मग कुठेही बंद पडली तरी चालेल. देवानं ऐकलं, पण उलटं ऐकलं. गाडी नेमकी आपल्या दारासमोर थांबली. आवाज नाही, धूर नाही, आचका नाही, नुसती थांबली. आपण ओट्यावर पेपर वाचत होता. आपण पेपर खाली केला, गाडीकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा वर केला. दाजी, तो पेपर उलटा होता. आपण मागे हसत होता, हे मला खांद्यांवरून दिसत होतं.

मग आपण उठलात आणि माझ्याशी नाही, तर हरणीशी बोलायला लागलात. बोलायची बंदी मी घातली होती, आपण कशाला पाळायची? पण नाही. "हरने, बघ गं कोन आलंय. म्हनावं ढकलायचं हाय का?" माझाही नाइलाज झाला. मीही म्हशीलाच सांगितलं, की ढकलायची नाही, तुझ्या गोठ्यात कडबाकुट्टीच्या मशीनचा मोठा प्लग आहे, तिथवर न्यायची आहे, वायर चाळीस पावलं कमी पडते. म्हैस दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिच्याइतकं शांत त्या अंगणात कुणी नव्हतं.

पुढचं जे झालं ते आपण वाडीभर सांगितलंच असेल, पण अर्धंच सांगितलं असेल, म्हणून उरलेलं अर्धं मी लिहून ठेवतो. माझी गाडी ओढायला आपण आपली डिझेलची जुनी जीप काढलीत. डिझेलची, मर्दाची, जिच्या जिवावर आपण मला अकरा माणसांत खाली पाहायला लावलं, ती. ती सुरू होईना. (ती जीप आपण कायम उतारावर का लावता हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. त्या दिवशी कुणीतरी ती सपाटीवर लावली होती.) तेव्हा बॅटरीची गाडी ओढायला डिझेलची गाडी, आणि डिझेलची गाडी सुरू करायला मी. मी ढकलली, दाजी. एकट्यानं, चैत्राच्या उन्हात, आपण आत बसून "हरने, म्हनावं जोर लाव" असं म्हणत असताना. ती सुरू झाली तेव्हा एवढा काळा धूर माझ्या तोंडावर सोडला, की ताईनं मला दोन मिनिटं ओळखलं नाही. मग दोरी बांधली आणि माझी गाडी गोठ्यात गेली. भाऊबीजेला आपण म्हणाला होता ढकलायला बोलावेल, पण ढकललं कुणी आणि कुणाची गाडी, एवढं आता व्याह्यांनाही सांगा.

वायर लावली साडेनऊला. गोठ्यातल्या प्लगवर ती गाडी मुंगीच्या पावलानं भरते. मी गाडीतच बसून राहिलो, कारण ओट्यावर बसलो असतो तर पाणी विचारलं गेलं असतं. माझी बाटली अकराला संपली. ताई दोनदा तांब्या घेऊन आली, मी दोनदा मान फिरवली. तिनं मिक्सर लावला की गोठ्याचा खटका पडायचा, म्हणून तिनं चटणी पाट्यावर वाटली. त्या वाटण्याचा आवाज मला गाडीत ऐकू येत होता आणि मी माझ्यावरच चिडत होतो. तेवढ्यात चंद्राबाई मावशी काठी टेकत आल्या, वायरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एवढ्या मोठ्यानं बोलल्या, की शेजारच्या वाडीत गेलं असेल : "मानसिंगा, आमचं पानी पीत न्हाईस, आन् आमची लाईट पितोस व्हय?"

दाजी, मी त्यावर निघेपर्यंत विचार केला. पाणी पिणार नाही म्हणालो होतो, विजेचं काहीच म्हणालो नव्हतो, हे कायद्यानं बरोबर आहे. पण मावशींना कायदा सांगायला तोंड ओलं पाहिजे. दोन वाजता आपण येऊन, एक शब्द न बोलता, माझा प्लग काढून कडबाकुट्टीचा लावलात. म्हशीला भूक लागली होती, मान्य. पण तासभर? त्या म्हशीनं एवढा कडबा आयुष्यात खाल्ला नसेल.

आणि हे सगळं मी सोसलं असतं. खरा राग पुढे आहे. चार वाजता नूतन आली. तिला मी खांद्यावर बसवून आंबवड्याची जत्रा दाखवली आहे. ती गाडीच्या खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, लग्नाच्या पत्रिका परवा छापायला चालल्यात. तुमी बोलत न्हाई, येत न्हाई. आण्णा म्हनत्यात, पप्पूमामाचं नाव घालू का?" आण्णा म्हणजे आपणच. आणि पप्पू, म्हणजे माझा चुलतभाऊ, ज्यानं नूतनला आजवर पेन्सिलसुद्धा घेऊन दिली नाही. त्याच्याकडे डिझेलची पिकअप आहे, एवढाच त्याचा गुण. तो मंडपात तिच्यामागे मामा म्हणून उभा राहणार? मी रागानं म्हणालो, "घाल." ती घरात निघून गेली. सहाला गाडी निघण्याइतकी भरली. मी गाडीकडचं टोक ओढून काढलं आणि कुणाचा निरोप न घेता निघालो. फरशी उतरवली आणि घरी आलो. त्यानंतर एक घास गोड लागलेला नाही.

लहानपणापासून ज्या पोरीला खेळवलं तिच्या लग्नात मामाची जागा एका गाडीवरून दुसऱ्याला द्यायची, हा कुठला न्याय? आपल्याला माझी गाडी पटत नाही, नका पटवून घेऊ. पण नूतनच्या मागे मीच उभा राहणार. तिला बोहल्यावर घेऊन येणार तो मी. मग आपण मला बोलवा किंवा बोलवू नका.

आपला (नाइलाजानं) मेहुणा,
मानसिंग

ता. क. : माझी चार्जिंगची केबल आपल्या गोठ्यात राहिली आहे. तिच्यावाचून गाडी दारात उभी आहे आणि लोक विचारतात. मुबारकबरोबर पाठवून द्यावी. म्हशीला तिच्यापासून लांब ठेवावं.

ता. क. दुसरा : ताईनं साडेबाराला गोठ्यामागून तीन पेले ताक दिलं, ते मी प्यायलो. ताकात निम्मं पाणी असतं हे मला माहीत आहे. आपणही कुणाला सांगू नये.

ता. क. तिसरा : आता लिहायला बसलोच आहे तर हेही. भाऊबीजेला माझ्या खिशात बुकिंगची पावती होती. ती डिझेलच्या गाडीची होती. आपल्याला दाखवायलाच आणली होती. आपण बोललात आणि मी दुसऱ्या दिवशी जाऊन ती बदलून घेतली.

ता. क. चौथा, सोमवार दुपार : पत्र मुबारकला द्यायच्या आधी पायी भोरला जाऊन आलो. झुल्फिकारभाईंच्या छापखान्यात जाऊन सांगणार होतो, की ती पत्रिका थांबवा, मामाचं नाव चुकलं आहे. ते म्हणाले, "चुकलं? अहो, पत्रिका छापून पंधरा दिवस झाले. गठ्ठे बांधून ठेवल्यात." एक काढून पुढे ठेवली. वधूचे मामा म्हणून माझं नाव आहे, आमच्या वडिलांच्या नावासकट, उत्रोली गावासकट. पप्पूचं नाव कुठेच नाही. मजकूर आपण स्वतः महाशिवरात्रीच्या आठवड्यात आणून दिलात, म्हणजे आपण माझ्याशी बोलत नव्हता त्याच दिवसांत. झुल्फिकारभाईंनी आपलं बोलणंही सांगितलं : "मामाचं नाव जरा मोठं घ्या. त्याला बारीक वाचता येत न्हाई, आन् मंग चिडतो."

याचा मला अतिशय राग आला आहे. म्हणजे नूतननं मला सरळ फसवलं, आणि ते तिला कुणी शिकवलं हेही मला कळतं. मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसलो. झुल्फिकारभाईंनी पाणी दिलं, ते प्यायलो.

उत्रोलीच्या भावकीच्या पत्रिका मी घेऊन आलो आहे, त्या वाटतो. आमच्या घरची मात्र मी उचललेली नाही, तिथेच ठेवून आलो. आपल्याकडे पहिली पत्रिका देवापुढे आणि दुसरी मामाच्या दारी, हे आपणच मला ताईच्या लग्नात शिकवलं आहे. तेव्हा ती आपण घेऊन यायची, अक्षता लावून, आणि स्वतःच्या तोंडानं मला या म्हणायचं. येताना जीप उतारावर लावा, आमच्याकडे ढकलायला मी एकटाच आहे. लवकर या, दाजी. चिडलेलो असलो तरी घरीच आहे.