काळ्या तुकड्यावरचं गवत

३ जून, सकाळ
...आणि चहा झाला की अंगण झाडायचं, मळकी फडकी गरम पाण्यात बुडवायची, गाड्यांतून काढलेलं जुनं ऑइल डब्यातून मागे नेऊन भिंतीजवळ ओतायचं. धूळ बसते म्हणून. हे गेले, गॅरेज बंद पडलं, दोन वर्षं झाली. तरी सकाळी हात डबा शोधतो.
लेकीचा फोन. म्हणे, सप्टेंबरात आठ दिवस येईन, पण त्या तेलकट मातीत माझ्या बाळीला सोडणार नाही. शहाणी! वाचनालयातल्या पुस्तकात मी स्वतः वाचलंय, गवताच्या मुळांशी वाढणारे जंतू तेल खातात. पुस्तकात 'काही वर्षं' लिहिलंय, ते आळशी लोकांसाठी. मला तीन महिने पुरेत.

१९ जून
बी पेरलं. दीर कुंपणावरून म्हणाले, वहिनी, ट्रक बोलवा, माती उपसून टाका. ह्या माणसाने जन्मात हेडलाइनच्या खाली काही वाचलेलं नाही.

८ जुलै
सगळीकडे हिरवं. भिंतीजवळचा काळा तुकडा तेवढा टकला. चिमण्यांनी बी खाल्लं असणार. मेल्या!

२ ऑगस्ट
दुसऱ्यांदा पेरलं, पुन्हा टकला. बियाणेवाला चोर आहे. वर मलाच विचारतो, बाई, तिथे इतकं ऑइल ओतलं कुणी? ओतलं असेल ह्यांनी. मी काय सांगू!

३० ऑगस्ट
लेक परवा येणार. नर्सरीतून तयार गवताचे गालिचे आणून काळ्या तुकड्यावर अंथरले. ही फसवणूक नव्हे. मुळांना सवय व्हायला नको?

१ सप्टेंबर
लेक म्हणाली, आई, जिंकलीस गं! दिरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.
मग बाळीने गालिचा कोपऱ्याला धरून ओढला आणि दोन्ही काळे तळवे माझ्या बाहीला पुसले. ऑइलचा वास. ह्यांच्या शर्टाचा. बाही नाकाशी धरून मी तिथेच बसले.
लेकीने विचारलं, बाबा इथेच ओतायचे ना? म्हटलं, मी ओतायचे. रोज. ते नको म्हणायचे.
तिने बाळीचे हात धुतले, बॅग भरली. जाताना म्हणाली, पुढच्या वर्षी बघू.

२ सप्टेंबर
गालिचे उचलून नळाजवळ लावले. काळी माती खणून मोकळी केली आणि तिसऱ्यांदा बी पेरलं.