बारा सुताची खाच

लिहून ठेवणार: जस्टिन शांतवन भिंगारदिवे, वय वर्षे सत्तावीस, धंदा सुतारकी (अधूनमधून) व भटकणे (कायम), राहणार पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर, ज्याला आमच्याकडचे लोक अजून नगरच म्हणतात.

मी पूर्ण शुद्धीवर आहे. बिघाड छातीत आहे, डोक्यात नाही. हृदयाची एक झडप जन्मापासून नीट मिटत नाही, ती येत्या सोमवारी पुण्याला छाती उघडून दुरुस्त करणार आहेत. तिथल्या डॉक्टरबाईंनी सहीचा कागद पुढे करताना सांगितलं, काही व्यवहार राहिले असतील तर आटोपून या. म्हणून आटोपतो आहे. दारू प्यायलेलो नाही. हे माझं स्वतःचं अक्षर आहे आणि मजकूरही माझाच आहे. अक्षर वाईट आहे, कारण अकरावीत असताना मी शाळेच्या मागच्या भिंतीवरून गेलो तो परत आलोच नाही.

१. यापूर्वी मी कसलंही मृत्युपत्र केलेलं नाही. राजूरच्या बाजारात एका हिरडा विकणाऱ्याला माझी सायकल तोंडी देऊन टाकली होती. ती त्यानं तेव्हाच नेली. तो विषय संपला.

२. माझी मिळकत एकच. पाथर्डीत आमच्या घराला लागून पत्र्याचं शेड, त्याखालची जागा, आतलं करवतीचं मशीन, रंधे, पटाश्या, गुण्या, वाकस आणि भिंतीला टेकवलेलं बाभळीचं व निंबाचं लाकूड. हे सगळं माझ्या वडिलांनी जाताना माझ्या एकट्याच्या नावावर करून ठेवलं. माझी बहीण आराधना तेव्हा त्यांच्याशेजारी उभी राहून रंधा मारत होती, आणि मी खर्ड्याच्या किल्ल्याच्या तटावर पाय सोडून बसलो होतो. बापाला विचारलं, तिला का नाही? म्हणाला, "तू पोरगा हायेस." एवढंच कारण. मी बाकी काही आहे असं त्यालाही म्हणता आलं नाही. मेलेल्या बापाविषयी वाईट लिहू नये म्हणतात. मी खरं लिहितो आहे.

३. वरील शेड, जागा व मशीन मी माझे चुलते काकासाहेब योहान भिंगारदिवे यांना देत आहे. का देत आहे, ते लिहिणं भाग आहे.

ऑपरेशनची तारीख कळली त्याच दिवशी काकांनी आमच्या शेडला स्वतःचं कुलूप घातलं. मी विचारलं, "काका, कुलूप कशाला?"

"राखण म्हणून. तू चाललास दवाखान्यात. उद्या कमीजास्त झालं तर?"

"आराधना आहे की."

"ती पोरगी हाय. आज हितं, उद्या नवऱ्याच्या घरी. शेड काय बरोबर बांधून द्यायचं व्हय तिला? माझ्या नावावर लिही आन किल्ली घे."

आराधना मागे उभी होती. म्हणाली, "काका, माझा जेवणाचा डबा आत राहिलाय."

"खिडकीतनं हात घालून घे," काका म्हणाले.

तिनं घेतला. बाहेर ओट्यावर बसून भाकरी खाल्ली आणि त्यांना विचारलं, "काका, चटणी घेता?" मला हे जमत नाही. तेव्हापासून शेड बंद आहे. पुण्याला पाठवायचा माल अर्धा आत अडकला आहे, आणि जिनं गेली चार वर्षं तिथलं एकेक काम केलं ती ओट्यावर बसून हातावरचा डिंक सोलते आहे. हे शेड तिच्या हातून जाऊ नये, एवढ्यासाठी मी हा सगळा कागद काळा करतो आहे. तिसऱ्या कलमात काकांना शेड दिलं आहे हे मला माहीत आहे. वाचत राहावे.

४. आता आम्ही काय बनवतो ते लिहितो, कारण माझ्यामागे लोक वाट्टेल ते सांगतील.

वडील कोयत्याचे दांडे करायचे. दिवाळीच्या तोंडावर निम्मा तालुका ऊसतोडीला निघतो, तेव्हा आमच्या दारात रांग लागायची. बाभळीचा तो दांडा धरून बाया सहा महिने ऊस तोडतात. त्यांना आजवर कोणी विचारलं नाही की, बाई, लाकडाच्या स्पर्शानं तुमचं मन स्थिर होतं का? त्याच बाभळीचा पेन ठेवायचा ट्रे केला, तर पुण्यातल्या माणसाचं मन स्थिर होतं. मला हे लाकडाचं कौतुक वाटत नाही. मनाचा हलकेपणा वाटतो.

पुण्याच्या रेश्मा मॅडमची 'संथ' नावाची कंपनी आहे. टेबलावर ठेवायच्या लाकडी वस्तू: पेनाची होडी, लॅपटॉपखालची चौकी, चिठ्ठ्या खोचायचा ठोकळा. त्या विकत घेणाऱ्याचं काम शांतपणे आणि मन लावून होतं, असं त्यांच्या साईटवर लिहिलं आहे. काम होतं की नाही ते माहीत नाही. होडी मात्र होते. मॅडम पहिल्यांदा शेडमध्ये आल्या, भुसा हुंगला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "इथे वेळ थांबलाय."

आराधना म्हणाली, "लाईट गेलीय मॅडम. मशीन थांबलंय."

मग त्यांनी माझा फोटो काढला. मांडी घालून, डोळे मिटून, हातात रंधा. डोळे मिटून रंधा धरणाऱ्याची बोटं मोजून बघावीत. खाली लिहिलं, 'स्थैर्य'. मी आयुष्यात एका जागी दोन तास बसलेलो नाही. राजूर, गोवा, मनाली, मध्ये एक हंगाम उसाच्या ट्रकवर क्लीनर, मग पुन्हा गोवा. गोव्याला एका बेकरीत होतो, तिथला पाव आमच्या नगरच्या पावापेक्षा फार चांगला असतो, पण ते इथे नको.

५. खाचेबद्दल.

दोन वर्षांपूर्वी मॅडमनी मोबाईल उभा ठेवायच्या दोनशे ठोकळ्यांची ऑर्डर पाठवली. सोबत चित्र होतं. चित्रात खाचेपाशी आकडे: रुंदी १२, खोली २०. पुढे काही नाही. ठोकळे आराधनानं कापून, घासून, रचून ठेवले. खाचा पाडायचं काम काकांनी मागून घेतलं, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार मशीन चालवणं बाईच्या जातीचं काम नाही. आकडे होते मिलिमीटरचे. काकांनी वाचले सुतात. आठ सुतांचा एक इंच होतो हे इकडे कोणालाही विचारा. म्हणजे मोबाईल टेकण्यापुरती बारीक चीर हवी होती, तिथे दीड इंच रुंद आणि अडीच इंच खोल चर पडला. एका ठोकळ्याला नाही. दोनशेला. पहिला झाल्यावर खिशातला मोबाईल काढून एकदा लावून बघावा, एवढंही त्यांना सुचलं नाही.

मोबाईल आडवा ठेवला की उभा राहायच्या ऐवजी आत बुडायचा. नुसती कडा दिसायची. माझा खर्ड्याचा मित्र अजिनाथ टेम्पो घेऊन माल न्यायला आला होता. त्यानं एक ठोकळा हातात घेतला, मोबाईल आत सोडला आणि म्हणाला, "ही तर मोबाईलची कबर झाली."

काका म्हणाले, "चित्र चुकीचं हाय. शहरातल्यांना माप कळत न्हाई." आणि घरी जाऊन झोपले.

आराधनानं स्वतःचा मोबाईल त्या चरात ठेवला. तो वाजला, तेव्हा आवाजही दबला. ती थोडा वेळ तसाच वाजू देऊन बसली. मग दोनशे चिठ्ठ्या लिहिल्या: 'मोबाईल निजवा. काम झालं की उठवा.' प्रत्येक ठोकळ्यात एक खोचली. मॅडमना फोन करून म्हणाली, "मॅडम, खाच मुद्दाम मोठी ठेवलीय. मोबाईल समोर दिसत असला तर माणूस काम करत नाही. पटलं नाही तर ठोकळे परत घेते."

मॅडमना पटलं. इतकं पटलं की महिन्याभरात ती त्यांचीच कल्पना झाली. आता साईटवर लिहिलं आहे की, एकाग्रतेचा दोन वर्षं अभ्यास करून आमच्या टीमनं ही रचना साकारली. टीम म्हणजे एक कुत्रं आणि मॅडम. इकडे काका पारावर सांगतात, "ती खाच माझ्या डोक्यातली." डोक्यातली म्हणजे डोक्यातल्या घोळातली, हे खरंच आहे. आज बाकी वस्तू चार जातात तेव्हा निजवायचे ठोकळे चाळीस जातात, आणि म्हणूनच शेडला कुलूप बसलं. रिकाम्या शेडची राखण करायला काका कधी आले नव्हते.

६. रेश्मा मॅडमना मी निंबाचा एक ठोकळा देत आहे. त्याला काहीही केलेलं नाही. नाव त्या ठेवतीलच. त्यांनी माझा फोटो काढून टाकावा आणि खाचेखाली असं लिहावं: 'ही खाच माप चुकून पडली. ती कामाला लावण्याची अक्कल आराधना शांतवन भिंगारदिवे हिची.' नाही लिहिलं तर आराधनानं माल दुसऱ्याला द्यावा. डोळे मिटून भुसा हुंगणारे पुण्यात आणखी आहेत.

७. वडिलांचा लाकूड तासायचा वाकस आराधनाला. तो तसाही तिच्याच हातात असतो.

८. सोमवारी मी गेलोच, तर पेटी साध्या निंबाची करावी. काकांनी करू नये. दोघं मावतील एवढी होईल, आणि मला सोबत नको. पाळकसाहेबांनी 'आपला जस्टिन अखेर विसावला' असं म्हणू नये. मला विसावण्याची कधीच आवड नव्हती.

९. हे कलम कंटाळवाणं आहे, पण सावकाश वाचावे.

गुरुवारी कोर्टासमोरच्या वकिलीणबाईंकडे गेलो होतो. त्यांनी सांगितलं की आम्हा ख्रिस्ती लोकांना जो वारसा कायदा लागतो त्यात एक गंमत आहे. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याची सही चालते, मृत्युपत्र पक्कं होतं, पण त्याच मृत्युपत्रात त्याला किंवा त्याच्या बायकोला काही दिलं असेल तर ते देणं रद्द होतं. मला मोटारसायकल अजिनाथच्या नावे लिहायची होती. तो साक्षीदार आहे म्हणून ती आजच त्याला देऊन टाकली. ब्रेक लागत नाही, हे त्याला सांगितलं आहे.

तरी या मृत्युपत्रातलं कोणतंही देणं कोणत्याही कारणानं रद्द झालं, तर ती मिळकत, आणि वर न लिहिलेलं माझं जे काही असेल ते सगळं, माझी बहीण आराधना शांतवन भिंगारदिवे हिला मिळावं. तिनं लग्न केलं तरी, न केलं तरी, खर्ड्याला गेली तरी, अमेरिकेला गेली तरी. मी सोमवारनंतर उठलो तर शेड स्वतः रजिस्ट्री करून तिच्या नावावर करीन. ते आजच केलं असतं, पण आज शनिवार, कचेरी बंद, आणि उद्या मला भरती व्हायचं आहे.

१०. साक्षीदार म्हणून काकांनी सही करावी असं माझं म्हणणं नव्हतं. हे लिहितो आहे तेव्हा ते समोर खुर्चीवर बसले आहेत, किल्ली मुठीत आहे, आणि शब्दाला शब्द असा आहे:

"काका, साक्षीदार बाहेरचा घेऊ."

"बाहेरचा कशाला? मी मेलोय काय? माझी सही असली म्हंजे मागनं कुनी फिरवायचं न्हाई."

"मग सगळं वाचा. नववं कलम नीट वाचा."

"तिसरं वाचलं. शेड, जागा, मशीन, सगळं हाय त्यात. बाकीची तुझी रडगाणी मी कशाला वाचू? दे पेन."

अजिनाथ दारात उभा आहे आणि छताकडे बघतो आहे. आराधनाला यातलं काही माहीत नाही. काकांना मी एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगणार नाही. सही झाली की किल्ली माझ्या हातात द्यायची, असं ठरलं आहे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीनं लिहून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करून ठेवलं असे.

ठिकाण: पाथर्डी
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

सही: जस्टिन शांतवन भिंगारदिवे

साक्षीदार:

१) काकासाहेब योहान भिंगारदिवे, पाथर्डी. मजकूर वाचला, पटला. किल्ली दिली.

२) अजिनाथ बाबुराव गोलेकर, खर्डा. मी खरंच वाचला आहे.