चिमट्याचे दात

डहाणू, ८ डिसेंबर १९९३

चि. दीप्तीस,

हातगाड्या, शाळेचं फाटक, तुझा पाळणा आणि तुझा साप धरायचा चिमटा, हे सगळं मी कुणाकडेही न शिकता माझ्या हातानं केलं. चिमटा तर सव्वाचार फुटी, सायकलच्या ब्रेकवर चालणारा.

तू तेव्हाच म्हणाली होतीस, "मामा, याचे दात घासून द्या ना, सापाला लागतील."

मी म्हणालो, "दात नसतील तर धरणार कशानं, हिरड्यांनी?"

तू हसलीस आणि तोच घेऊन सर्पमित्र संस्थेच्या मुलांबरोबर साप वाचवायला जाऊ लागलीस.

गंजाड गावात लाहूच्या कोंबड्यांच्या खुराड्यातून तू धामण काढलीस, ती पिशवीतच मेली. लाहू सगळ्यांदेखत म्हणाला, "वाचवाया आलीस नि मारून चाललीस, ताई." तू रडत माझ्याकडे आलीस. "मामा, माझाच हात जड पडला."

दातांत अडकलेले खवले मी पाहिले. ते काढले, दात कानशीनं सपाट केले आणि चिमटा परत देताना तुलाच म्हटलं, "हलकं दाबायला शीक."

त्या दिवसापासून तू सापाच्या वाटेला गेली नाहीस. चूक माझी होती, दीप्ती. तीन महिने झाले, तोंडावर सांगायला जमत नाही. हे पत्र तरी पेटीत टाकेन की नाही, ठाऊक नाही.

काल वनखात्याचे साहेब आले होते. नव्या स्वयंसेवकांसाठी त्यांना माझ्याकडून तसेच, दातांचे, तीस चिमटे हवे होते. एकाचे दीडशे, म्हणजे साडेचार हजार रुपये. मी नाही म्हटलं.

तुझा,
मामा