लँटीच्या कवितेत बायको नाही

१४ ऑक्टोबर १८११

पुस्तक आलं. हेस्टरने आणलं. माझी मुलगी ऑर्टनसाहेबांकडे कामाला आहे — निम्मा दिवस स्वयंपाकघरात, निम्मा त्यांच्या कविता सुवाच्य उतरवून काढण्यात. अक्षर तिने माझं घेतलंय. पान एकवीस ते तीस लँटीवर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर. मार्चच्या बर्फात गेला त्याला दीड वर्ष झालं. आता छापून आला.

कविता बरी की वाईट, ते उद्या.

१५ ऑक्टोबर

दोनदा वाचली. कड्यावरचा उजेड बरोबर उतरलाय. वितळत्या बर्फाखालचं पाणी आधी ऐकू येतं, मग दिसतं — हेही बरोबर. साहेबांना डोंगर कळतो. डोंगराखालची माणसं कळत नाहीत.

कवितेत लँटीला कोणी नाही. बायको नाही, मुलगी नाही, शेजारी नाहीत. तो ढगांशी बोलतो. आमचा लँटी! ढग दिसले की एवढंच म्हणायचा, गवत आत घ्या. तर हा लँटी डोंगराने हाक मारली म्हणून वर जातो, निसर्गमाता त्याला कुशीत घेते आणि त्याच्यासाठी फक्त वारा रडतो.

वारा! मयताला एकवीस घरं आली होती. जन्माला आणि मयताला कोणाकोणाला बोलवायचं हे इथे आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं आहे, एक घर वगळून चालत नाही. जाताना प्रत्येकाच्या हाती गव्हाचा पाव द्यायचा, तोही दिला. भाजता भाजता मनगट पोळलं, डाग अजून आहे. त्यातला एक पाव ऑर्टनसाहेबांनी नेला. हेस्टर सांगते, लोणी लावून खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी लिहायला बसले.

१९ ऑक्टोबर

शेजारचा मेंढपाळ जोब येऊन गेला. लँटी सापडला तो यालाच. वाचता येत नाही, म्हणून मी कविता वाचून दाखवली. टोपी मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, "आणि त्याच्या अकरा मेंढ्या कुठं गेल्या?"

याहून नेमकी टीका एडिंबराचे विद्वानही करणार नाहीत.

हेस्टरला मात्र सगळी पाठ आहे. भांडी घासताना म्हणते. मी म्हटलं, तो मेंढ्यांसाठी गेला, डोंगराच्या प्रेमाने नाही. तर म्हणते, ते आपल्याला माहीत आहे ना, मग कवितेत कशाला हवं.

२ नोव्हेंबर

चर्चबाहेर ऑर्टनसाहेब भेटले. कविता आवडली का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, उजेड आवडला. मग राहवलं नाही. "साहेब, त्याला बायको होती. तुमच्यासमोर उभी आहे."

कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, एकटेपणाशिवाय कवितेला उंची येत नव्हती. पावाची आठवण करून दिली तेव्हा मात्र टोपी काढून हातात घेतली. माणूस वाईट नाही. दुसऱ्या छपाईत चूक सुधारतो म्हणाले. बायकोला घालतो, दारात उभी.

आणि विचारलं, "बाई, त्या सकाळी दारात तुम्ही शेवटचं काय बोललात?"

मी म्हटलं, आठवत नाही.

३ नोव्हेंबर

शब्दन् शब्द आठवतो.

८ नोव्हेंबर

साहेबांचा निरोप आला, काही आठवलं का. हेस्टरही मागे लागली आहे. सांग ना आई, काहीतरी बोलली असशीलच. निदान या वहीत तरी एकदा लिहून टाकावं.

वरच्या दगडी गडग्याला खिंडार पडलं होतं. बुजव, बुजव म्हणून मी आठवडाभर कानीकपाळी ओरडत होते. त्या रात्री बर्फ सुरू झालं आणि मेंढ्या तिथून वर गेल्या, सगळ्या गाभण. सकाळी लँटी दारात उभा होता. म्हणाला, "दुपारपर्यंत वाट बघू का? जरा उघडेल." मी वळूनही पाहिलं नाही. म्हटलं, "त्यांना घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकू नकोस."

नाही टाकलं.

हेस्टर माळ्यावर झोपली होती. हे कोणाला माहीत नाही. कवितेत मी नव्हते हे मला झोंबलं, खरं आहे. पण पहिल्यांदा वाचली तेव्हा आधी हायसं वाटलं होतं, हेही खरं. मग तोंड कशाला उघडलं मी? गप्प बसले असते तर लँटीला डोंगरानेच नेलं असतं.

२१ नोव्हेंबर

नवा मजकूर आला, हेस्टरच्या अक्षरात. मी काही सांगितलं नाही, तर माझ्या तोंडी शब्द घातलेत. बायको दारात उभी आहे, त्याची बाही धरून म्हणते — "जाऊ नकोस. मेंढ्या मेल्या तर मरू देत. तू घरात ये."

कविता म्हणून सांगायचं तर दहा पानांत माणसाने बोलल्यासारख्या ओळी एवढ्याच. बाकी सगळं साहेब, हे मात्र माणूस. मला राग आलाय. हे मी म्हणायला हवं होतं, आणि म्हटलं नाही. हे छापलं की लोक माझ्याकडे पाहून हळहळतील आणि मी मान खाली घालून ते घेत बसेन, मरेपर्यंत.

हेस्टरला खरं सांगायचं. मग तिने तोंड फिरवलं तरी चालेल.

२२ नोव्हेंबर

सांगितलं. ती बटाटे सोलत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "मला माहीत आहे. मी जागी होते, सगळं ऐकलं. त्या ओळी साहेबांच्या नाहीत, आई. मी त्यांना सांगितलं, आईला आठवलं."