बुधवारचा तिप्पट स्वॅप

सोमवार, २० एप्रिल. शहादा. सकाळी ७.१०
काल अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, झाली. सुनिता शनिवारीच माहेरी गेली, धानोऱ्याला. घर शांत. अभ्यासाला उत्तम.
डॉलर विकून येन घेतलेले, शुक्रवारपासून. तोटा तात्पुरता. खाते सरावाचे, पैसे खोटे. पण शिस्त खरी. ना क्लास, ना गुरू. सगळे स्वतः शिकलो.
रात्रीचा स्वॅप: ९.८० डॉलर. खालच्या दुकानातल्या सलाउद्दीन टेलरला समजावले. विकलेला डॉलर उसना असतो, त्याचे व्याज द्यायचे. येनचे किरकोळ मिळते. फरक रोज रात्री कापतात. म्हणे, "भाऊ, खोटा पैसावर बी व्याज? सावकार बी लाजी."
अज्ञान.

मंगळवार, २१
सुनिताचा फोन. "माले लेवाले कव्हय येतस?"
आखाजीहून बायकोला आणायला नवऱ्याने जायचे, ही रीत. मान्य. पण वाटेत रेंज जाते. शुक्रवारी बारापर्यंत आलो नाही तर रिनाकडे, म्हणजे मुलीकडे, सुरतला जाईन म्हणते. नुसती धमकी. तरी गुरुवारच्या पहिल्या एसटीचा शब्द दिला.
बुधवारी स्वॅप तिप्पट. शनिवार-रविवारचाही तेव्हाच कापतात. तो टाळणार. रात्री ८.०५ ला व्यवहार बंद.

बुधवार, २२. सकाळी ९.००
आपल्याकडे कापण्याची वेळ पहाटे अडीच. बुधवारचे अडीच वाजून गेले, म्हणून डॉलर पुन्हा विकला. तिप्पट वाचवला! या तालुक्यात दुसऱ्या कोणाला सुचले असते?
सवयीने चहा दोन कप झाला. दुसराही मीच घेतला.

गुरुवार, २३. सकाळी ६.३०
२९.४० कापले.
तपासले. कापतात न्यूयॉर्कच्या घड्याळाने. तिथला बुधवार संध्याकाळी पाचला संपतो, तेव्हा इथे गुरुवार पहाटेचे अडीच. चूक माझी नाही, पृथ्वीची. आता एवढे भरून व्यवहार सोडणे मूर्खपणा. एसटी गेली. सुनिताला कळवले. म्हणे, "मंग तुमनी येनलेच सांगा भाकरी कराले."

शुक्रवार, २४. संध्याकाळी ६
११.५० ला डॉलर उसळला. खाते रिकामे, व्यवहार आपोआप बंद. लगेच एसटी धरली.
धानोऱ्यात शालक मोतीलाल ओट्यावर एकटाच. म्हणे, "बारा वाजालगून आठेच ओटावर बशेल व्हती. थैली मांडीवर." रिना गाडी घेऊन आली होती.
पाणी विचारले. घेतले. परत आलो.

रविवार, २६
मार्केट बंद. सुनिताला सुरतला फोन केला. "जेवनात का?" हो म्हटले. शेव होती.
मग बुधवारचे सगळे नीट सांगितले. तिथले पाच, इथले अडीच. एकदाही मध्ये बोलली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकते आहे, असे वाटले.
नंतर कॉलची नोंद पाहिली. ४१ सेकंद.
मी निदान सहा मिनिटे बोलत होतो.